मोठ्या आतड्याचा कर्करोग: कौटुंबिक इतिहास आणि शौचातील रक्ताची चाचणी

मोठ्या आतड्याचा कर्करोग लक्षणे दिसण्याआधी शोधायचा तर दोन प्रश्नांची उत्तरे हवीत. रक्ताच्या नात्यात हा रोग कोणाला झाला होता का, आणि झाला असेल तर कोणत्या वयात? शौचात डोळ्यांना न दिसणारे रक्त आहे का? पहिल्या प्रश्नावरून आयुष्यभराची जोखीम समजते, दुसऱ्यावरून आतड्याची आजची स्थिती. ही दोन उत्तरे एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. चाचणी निर्दोष आली म्हणून घराण्यातला रोग पुसला जात नाही आणि घराण्यात रोग आहे म्हणून चाचणी निरुपयोगी ठरत नाही. तपासणी कोणत्या वयात सुरू करायची, कोणती करायची आणि किती वर्षांनी पुन्हा करायची, हे दोन्ही उत्तरे एकत्र ठेवूनच ठरवावे लागते.

रोग आणि त्याने दिलेला अवधी

मोठे आतडे आणि गुदाशय यांचा कर्करोग २०२२ मध्ये जगात सुमारे १९ लाख लोकांना नव्याने झाला आणि सुमारे ९ लाख लोक त्याने दगावले. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत फुफ्फुसाच्या कर्करोगानंतर याचाच क्रमांक लागतो. तरीही वेळेत सापडला तर बरा होणाऱ्या, इतकेच नव्हे तर होण्याआधीच रोखता येणाऱ्या थोड्या कर्करोगांपैकी हा एक आहे.

त्याचे कारण रोगाच्या चालीत आहे. आतड्याच्या आतल्या अस्तरावर लहान वाढी उगवतात. त्यांना पॉलिप म्हणतात. त्यांतील अ‍ॅडिनोमा या प्रकारातून बहुतेक कर्करोग निपजतात. सगळे अ‍ॅडिनोमा कर्करोगापर्यंत पोहोचत नाहीत, पण जे पोहोचतात त्यांना साधारणपणे दहा वर्षे किंवा त्याहून जास्त काळ लागतो. या वाटेवर पेशींमधील जनुके एकामागून एक बिघडत जातात, हे बर्ट व्होगलस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवले. दुर्बिणीने अ‍ॅडिनोमा काढून टाकला की ही वाट तिथेच खुंटते. अमेरिकेतील नॅशनल पॉलिप स्टडीत पॉलिप काढलेल्या रुग्णांमध्ये पुढे कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्क्यांनी कमी आढळले. हे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले.

मोठे पॉलिप आणि कर्करोगाच्या गाठी अधूनमधून थोडे रक्त सोडतात. ते शौचात मिसळते आणि डोळ्यांना दिसत नाही. शौचाची चाचणी याच रक्ताचा माग काढते.

शौचाची चाचणी: ग्वायाकपासून फिटपर्यंत

जुन्या चाचणीत ग्वायाकम झाडाची राळ लावलेल्या कागदावर शौचाचा नमुना पसरत आणि त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकत. रक्तातील हीम असेल तर कागद निळा होई. मात्र हीम मांसाहारातूनही येते. त्यामुळे चाचणीपूर्वी काही दिवस लाल मांस आणि काही भाज्या वर्ज्य कराव्या लागत. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्या तर उलट खरे रक्तही झाकले जाई. तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने द्यावे लागत. एवढे सगळे करून घेणे लोकांना जड जाई.

तरीही या साध्या चाचणीनेच शौचतपासणीचा पाया घातला. अमेरिकेतील मिनेसोटा येथे ४६ हजारांहून अधिक लोकांवर चाचणी झाली. दरवर्षी तपासणी केलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू १३ वर्षांत ३३ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९३ मध्ये जाहीर झाले. १९९६ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅमहून दीड लाखांवर आणि डेन्मार्कमधील फ्यून बेटावरून सुमारे ६२ हजार लोकांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. दोन्हीकडे दर दोन वर्षांनी तपासणी होती आणि मृत्यूंतील घट अनुक्रमे १५ आणि १८ टक्के होती. मिनेसोटातील गटाचा मागोवा पुढे ३० वर्षांपर्यंत घेण्यात आला, तेव्हाही दरवर्षीच्या तपासणीचा लाभ सुमारे ३२ टक्के टिकून होता.

आज तिची जागा फिकल इम्युनोकेमिकल टेस्टने, म्हणजे फिटने, घेतली आहे. या चाचणीतील प्रतिपिंडे फक्त मानवी हिमोग्लोबिनमधील ग्लोबिन ओळखतात. त्यामुळे पथ्य लागत नाही आणि बहुतेक ठिकाणी एकच नमुना पुरतो. जठरातून किंवा लहान आतड्यातून आलेले ग्लोबिन खाली पोहोचेपर्यंत बरेचसे पचून जाते, म्हणून फिटचा कौल मुख्यतः मोठ्या आतड्याविषयीच असतो. शिवाय रक्ताचे प्रमाण आकड्यात, एका ग्रॅम शौचामागे किती मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन असे, मिळते.

आकडा मिळतो म्हणून मर्यादा ठरवण्याचा प्रश्न येतो. मर्यादा खाली ठेवली तर जास्त रोग सापडतो, पण निरोगी माणसांनाही कोलोनोस्कोपीला, म्हणजे दुर्बिणीने मोठे आतडे आतून पाहण्याच्या तपासणीला, पाठवावे लागते. नेदरलँड्सने २०१४ मध्ये १५ मायक्रोग्रॅमच्या मर्यादेने राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. अपेक्षेपेक्षा खूप अधिक लोकांची चाचणी सदोष आली, म्हणजे शौचात मर्यादेहून जास्त रक्त आढळले, कोलोनोस्कोपीची रांग वाढली आणि मर्यादा ४७ वर न्यावी लागली. स्कॉटलंडने ८०, तर इंग्लंडने आपल्या कार्यक्रमात फिट आणली तेव्हा १२० ही मर्यादा धरली. म्हणजे ‘चाचणी निर्दोष’ या शब्दांचा अर्थ देशागणिक बदलतो. इंग्लंडमध्ये ज्या अहवालावर पुढे काही करायचे नाही असे ठरले, त्याच अहवालावर दुसऱ्या देशात कोलोनोस्कोपी झाली असती.

चाचणी काय पकडते, काय सुटते

अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार एकदा केलेली फिट सुमारे ७९ टक्के कर्करोग पकडते आणि कर्करोग नसलेल्या १०० लोकांपैकी सुमारे ९४ जणांना निर्दोष ठरवते. मात्र कर्करोगाच्या आधीच्या मोठ्या अ‍ॅडिनोमांपैकी निम्म्याहून जास्त एका चाचणीत निसटतात. पॉलिप रोज रक्त सोडत नाही, सपाट पॉलिप तर फारच कमी सोडतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात फिटने कर्करोगपूर्व प्रगत वाढींपैकी जेमतेम २४ टक्के पकडल्या. रक्ताबरोबर बिघडलेला डीएनए शोधणाऱ्या चाचणीने ४२ टक्के पकडल्या, पण निरोगी लोकांना सदोष ठरवण्याचे तिचे प्रमाणही जास्त होते.

यावरून फिटची खरी ताकद पुनरावृत्तीत आहे हे कळते. यंदा निसटलेला पॉलिप वर्षा-दोन वर्षांनी सापडू शकतो, कारण रोग मुळातच संथ आहे. एकदाच चाचणी करून निर्धास्त होणे म्हणजे तिचा मुख्य गुणच वाया घालवणे. चाचणी सदोष आली तर कोलोनोस्कोपी झालीच पाहिजे. फिट पुन्हा करून ती निर्दोष येते का हे पाहत बसणे चूक आहे. सदोष चाचणीनंतर कोलोनोस्कोपीला दहा महिन्यांहून अधिक उशीर झालेल्यांमध्ये कर्करोग, आणि तोही पुढच्या टप्प्याचा, जास्त आढळल्याचे अमेरिकेतील नोंदी सांगतात.

रक्ताचे नाते आणि जोखीम

आई, वडील, सख्खी भावंडे आणि मुले ही पहिल्या श्रेणीची, सर्वांत जवळची नाती. यांपैकी एकाला हा कर्करोग झाला असेल तर जोखीम सर्वसाधारण माणसाच्या सुमारे दुप्पट होते. अशी दोन किंवा अधिक माणसे असतील, किंवा एकालाच पण पंचेचाळिशीच्या आत रोग झाला असेल, तर ती जवळपास चौपट होते. आजी-आजोबा, काका, आत्या, मामा, मावशी ही त्यापुढची नाती. त्यांचा भार कमी असतो, पण एकाच बाजूला अशी दोन-तीन माणसे निघाली तर तो दुर्लक्षिण्याजोगा नसतो.

ही वाढ सर्वस्वी जनुकांमुळे नसते. एका घरातील माणसांचे खाणे, वजन, तंबाखू आणि दारूच्या सवयी सारख्या असतात. स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंडमधील सुमारे ४५ हजार जुळ्यांच्या जोड्यांच्या अभ्यासात (२०००) या कर्करोगातील आनुवंशिकतेचा वाटा ३५ टक्क्यांच्या आसपास निघाला. एकूण रुग्णांपैकी २० ते ३० टक्क्यांच्या घराण्यात रोगाचा इतिहास असतो, पण एका ठळक जनुकदोषामुळे झालेला रोग पाच टक्क्यांच्या आसपासच भरतो.

म्हणून घराण्यात कोणालाही नसलेला रोग आपल्याला होणार नाही, हा समज धोक्याचा आहे. बहुसंख्य रुग्णांच्या जवळच्या नात्यात हा रोग झालेला नसतो. सर्वसाधारण जोखमीच्या माणसालाही ठराविक वयानंतर तपासणीची गरज असते. कौटुंबिक इतिहास ती गरज निर्माण करत नाही, अलीकडे आणतो.

जिथे शौचाची चाचणी पुरत नाही

थोड्या घराण्यांत जोखीम दुप्पट-चौपट न राहता कितीतरी पटींनी चढते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातले डॉ. अल्ड्रेड वॉर्थिन यांना १८९५ मध्ये त्यांच्याकडील शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितले की तिच्या घरातली इतकी माणसे कर्करोगाने गेली आहेत की तीही त्यानेच जाईल. ती गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली. वॉर्थिन यांनी तिच्या घराण्याची माहिती जमवून १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे हेन्री लिंच यांनी १९६६ पासून अशी आणखी घराणी मांडली आणि या विकाराला त्यांचे नाव मिळाले. डीएनएमधील चुका दुरुस्त करणाऱ्या एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ किंवा पीएमएस-२ या जनुकांपैकी एकात दोष असला की लिंच सिंड्रोम होतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या सुमारे तीन टक्के रुग्णांत तो आढळतो. या घराण्यांत गर्भाशयाचे अस्तर, अंडाशय, जठर, लहान आतडे आणि मूत्रमार्ग यांचेही कर्करोग होतात. त्यामुळे कौटुंबिक इतिहास विचारताना फक्त आतड्याविषयी विचारून भागत नाही.

लिंच सिंड्रोममध्ये पॉलिपपासून कर्करोगापर्यंतची दहा वर्षांची वाट दोन-तीन वर्षांवर येऊ शकते. अधूनमधून रक्त सोडणाऱ्या पॉलिपला पुढच्या फेरीत पकडण्याची जी सवड एरवी मिळते, ती इथे मिळत नाही. म्हणून फिटवर विसंबता येत नाही. विशी-पंचविशीपासून, किंवा दोष कोणत्या जनुकात आहे त्यानुसार थोड्या उशिरा, दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करावी लागते. फिनलंडमध्ये दर तीन वर्षांनी तपासलेल्या अशा कुटुंबांतही कर्करोगाचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले होते.

फॅमिलियल अ‍ॅडिनोमॅटस पॉलिपोसिस हा दुसरा विकार. एपीसी जनुकातील दोषामुळे किशोरवयातच आतड्यात शेकडो ते हजारो पॉलिप उगवतात आणि उपचार न केल्यास मध्यम वयापर्यंत कर्करोग जवळजवळ अटळ असतो. या मुलांची तपासणी दहा-बाराव्या वर्षापासून सुरू होते. चार रुग्णांपैकी साधारण एकाच्या आई-वडिलांत हा दोष नसतो, तो त्याच्यातच नव्याने उद्भवलेला असतो. म्हणजे अशा कुटुंबाकडे सांगण्यासारखा इतिहासच नसतो.

दोन्ही उत्तरे एकत्र ठेवल्यावर

जोखीम दुप्पट झाली की चाचणीच्या निकालाचा अर्थ कसा बदलतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होते. सर्वसाधारण जोखमीच्या १०,००० लोकांत ५० जणांना न कळलेला कर्करोग आहे असे धरू. वरच्या आकड्यांप्रमाणे फिट त्यांतील ४० जणांना पकडेल, १० जण निसटतील आणि सुमारे ६०० निरोगी माणसे सदोष ठरतील. सदोष आलेल्या १६ जणांमागे एकाला कर्करोग असेल. आता जवळच्या नात्यात रोग असलेल्या १०,००० लोकांत रुग्ण १०० धरले, तर ७९ सापडतील, २१ निसटतील आणि निरोगी पण सदोष ठरलेले पुन्हा सुमारे ६०० असतील. इथे साधारण नऊ जणांमागे एकाला कर्करोग निघेल. म्हणजे कौटुंबिक इतिहास असलेल्याची सदोष चाचणी अधिक गंभीर असते. त्याच्या निर्दोष चाचणीनंतर उरणारी जोखीमही दुप्पट असते, पण मुळात ती एक हजारामागे एकावरून दोनवर जाते. घाबरून जाण्याएवढी ती नाही आणि विसरून जाण्याएवढीही नाही.

संशोधनही याच दिशेने जाते. स्पेनच्या कॅनरी बेटांवर रुग्णांच्या जवळच्या नातेवाइकांना दोन गटांत विभागले. एका गटाची तीन वर्षे दरवर्षी फिट झाली, दुसऱ्याची एकदा कोलोनोस्कोपी. दोन्ही गटांत प्रगत वाढी सापडण्याचे प्रमाण जवळपास सारखे होते. फिटने सर्व कर्करोग पकडले, मात्र प्रगत अ‍ॅडिनोमांतील बराच वाटा निसटला. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. वाढीव जोखमीच्या लोकांवरील अभ्यासांच्या २०१७ मधील एकत्रित विश्लेषणातही कर्करोगासाठी फिटची पकड चांगली, पण प्रगत पॉलिपसाठी निम्म्याच्या आसपास निघाली. कोलोनोस्कोपी अधिक पाहते आणि तिथल्या तिथे पॉलिपही काढते. पण तिच्यासाठी पोट पूर्ण साफ करावे लागते, एक दिवस जातो, आणि निव्वळ तपासणी म्हणून केलेल्या दहा हजार कोलोनोस्कोपींमागे सुमारे तिघांच्या आतड्याला छिद्र पडते व पंधरा जणांना मोठा रक्तस्राव होतो. आणखी एक गोष्ट मोलाची आहे. सर्वसाधारण जोखमीच्या लोकांवरील स्पेनमधल्या मोठ्या चाचणीत फिटच्या निमंत्रणाला ३४ टक्के लोकांनी प्रतिसाद दिला, कोलोनोस्कोपीच्या निमंत्रणाला २५ टक्क्यांनी. न केलेल्या उत्तम तपासणीपेक्षा नेमाने केलेली साधी तपासणी जास्त जीव वाचवते.

एकच घर, वेगवेगळे नियम

पुरावा सारखा असूनही देशांचे नियम वेगळे आहेत. वडिलांना ४८ व्या वर्षी हा कर्करोग झालेल्या मुलाचे उदाहरण घ्यावे. अमेरिकेतील तज्ज्ञ संघटनांच्या २०१७ च्या शिफारशीनुसार नातेवाईक साठीच्या आत आजारी पडला असेल तर चाळिशीपासून, किंवा त्याच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधीपासून, यांतले जे आधी येईल तेव्हापासून, दर पाच वर्षांनी कोलोनोस्कोपी करावी. इथे ती ३८ व्या वर्षी सुरू होईल. ब्रिटनच्या २०२० च्या नियमांनी या मुलाला मध्यम जोखमीत बसवले आहे: ५५ व्या वर्षी एक कोलोनोस्कोपी, आणि ती स्वच्छ निघाली तर नेहमीचा फिटचा कार्यक्रम. ऑस्ट्रेलियात चाळिशीत दर दोन वर्षांनी फिट आणि पन्नाशीनंतर दर पाच वर्षांनी कोलोनोस्कोपी असा टप्पा आहे. कॅनडाच्या पोटविकारतज्ज्ञांनी एकच जवळचा नातेवाईक असल्यास कोलोनोस्कोपीला पसंती दिली, पण दर एक-दोन वर्षांनी फिट हा पर्यायही मान्य केला.

वडिलांना हाच रोग सत्तरीत झाला असता तर फरक बराच ओसरला असता. अमेरिकेत तपासणी चाळिशीत सुरू होते, पण फिटसह कोणतीही नेहमीची चाचणी चालते. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया अशा माणसाला जवळजवळ सर्वसाधारण जोखमीचाच मानतात. लिंच सिंड्रोम किंवा पॉलिपोसिस असेल तर मात्र सर्व देशांचे एकमत आहे: कोलोनोस्कोपीच.

मोठ्या राष्ट्रीय कार्यक्रमांतील एक उणीव इथे उघड होते. इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या लोकांना दर दोन वर्षांनी टपालाने फिट पाठवली जाते, पण निमंत्रण वयावर जाते, कौटुंबिक इतिहासावर नाही. तो इतिहास डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे माणसाच्याच हाती राहते.

इतिहास नीट विचारणे

कौटुंबिक इतिहास म्हणजे कोणाला, कोणत्या अवयवाचा आणि कोणत्या वयात कर्करोग झाला, या तीन गोष्टींची नोंद. जुन्या पिढीतले मृत्यू ‘पोटाचा आजार’, ‘गाठ झाली होती’ एवढ्यावरच सांगितले जातात. त्यामागे जठर, यकृत, अंडाशय की आतडे, हे जुने कागद किंवा वडीलधाऱ्यांच्या आठवणी तपासल्याशिवाय कळत नाही. आईकडचा इतिहास वडिलांकडच्या इतक्याच वजनाचा असतो. घराणे म्हणजे वडिलांचे कूळ असे धरणाऱ्या समाजात आजोळचा रोग हमखास निसटतो. लग्नाने आलेली नाती, म्हणजे मामी, काकू, वहिनी, यात मोजायची नसतात. जवळच्या नातेवाइकाचा मोठा अ‍ॅडिनोमा काढला असेल तर तोही सांगावा, कारण काही शिफारशींत त्याला कर्करोगाइतकेच महत्त्व आहे. इतिहास दर काही वर्षांनी नव्याने विचारायला हवा. तिशीत कोरा असलेला तक्ता पन्नाशीत भरलेला असू शकतो.

भारत आणि महाराष्ट्र

भारतात या कर्करोगाचे वयानुसार समायोजित प्रमाण लाखामागे पाचच्या आसपास, म्हणजे जपान, ऑस्ट्रेलिया किंवा अमेरिकेच्या कितीतरी खाली आहे. तरी लोकसंख्येमुळे २०२२ मध्ये सुमारे ७० हजार नवे रुग्ण झाल्याचा अंदाज आहे. सरकारच्या असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमात तिशीपुढील लोकांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी आहे, आतड्याची नाही. रोगाचे प्रमाण कमी असताना सर्वांची फिट केली तर एका रुग्णामागे फार जास्त निरोगी लोकांना कोलोनोस्कोपी करावी लागेल आणि ती सोय जिल्हा पातळीवर सगळीकडे नाही. अशा ठिकाणी कौटुंबिक इतिहासाचे मोल वाढते: ज्यांची जोखीम खरोखर जास्त आहे, त्यांच्यापर्यंत मर्यादित साधने तो आधी पोहोचवतो.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील मालिकेत रुग्णांचे सरासरी वय ४७ च्या आसपास आणि गुदाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे आढळले. यामागे देशाची तरुण लोकसंख्या हे एक कारण आहेच. तरीही पंचेचाळिशीच्या आतला प्रत्येक रुग्ण म्हणजे चौपट जोखमीची भावंडे आणि मुले. त्यांना ते कोणी सांगितलेले नसते.

इथे चाचणी वापरताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. उष्णतेत नमुन्यातील हिमोग्लोबिन विघटित होते. इटलीतही उन्हाळ्यात फिट सदोष येण्याचे प्रमाण घटलेले आढळले आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात नमुना थंड ठेवून लवकर लॅबमध्ये पोहोचला नाही तर रोग असूनही चाचणी निर्दोष येऊ शकते. दुसरी गोष्ट मूळव्याधीची. मूळव्याध आणि आव यांमुळेही चाचणी सदोष येते, पण रक्त दिसले की मूळव्याधच असे धरून वर्षभर मलम लावत राहणे, यात गुदाशयाच्या कर्करोगाचे निदान लांबते. दिसणारे रक्त, कारण नसताना लोह कमी होऊन आलेला अ‍ॅनिमिया, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल किंवा घटणारे वजन असेल तर प्रश्न तपासणी कार्यक्रमाचा राहत नाही; डॉक्टरांनी बोटाने गुदाशय तपासून पुढची पायरी ठरवावी.

परदेशातील मराठी कुटुंबांना इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलियात चाचणीची पेटी घरपोच मिळते, पण ब्रिटनमध्ये दक्षिण आशियाई समाजातून ती भरून परत पाठवण्याचे प्रमाण इतरांहून कमी आढळले आहे. सांगलीत काकांना झालेले निदान लेस्टरमधल्या पुतण्याच्या इतिहासातही जमा होते आणि मेलबर्नमध्ये बहिणीला झालेले पुण्यातल्या भावाच्या.

राष्ट्रीय कार्यक्रमाची वाट न पाहता करता येण्याजोगे काम निदानाच्या दिवशीच सुरू होऊ शकते. रुग्णाच्या कागदावर त्याच्या भावंडांची आणि मुलांची वये लिहावीत, त्यांनी तपासणी कोणत्या वयात सुरू करायची ते त्याच भेटीत सांगावे, आणि रुग्ण तरुण असेल तर गाठीची लिंच सिंड्रोमसाठी तपासणी करावी. त्यानंतर नात्यातल्या प्रत्येकासाठी फिट की कोलोनोस्कोपी, हे वय, नाते आणि जवळची सोय पाहून ठरवता येते; आणि ठरलेली तपासणी ठरलेल्या वेळी पुन्हा करणे हा त्या निर्णयाचाच भाग आहे.